हुप्याची तेरवी

काहींना राग चेहऱ्यांवरून आठवतो, मला तो वासावरून आठवतो. पौषातल्या कोवळ्या उन्हात मोठ्या गंजात रटरटणारं तुरीचं वरण, त्यावर पडलेली लसूण-मिरचीची फोडणी, शेजारच्या कढईतून निथळणाऱ्या बुंदीचा तुपाळ गोडवा, झेंडूच्या माळा, उदबत्त्या, पाणी शिंपडलेल्या पत्रावळी. आणि या सगळ्या मंगल सुगंधांच्या तळातून, वाऱ्याची झुळूक फिरली की तेवढ्यापुरता वर येणारा, कुजणाऱ्या मांसाचा एक वास. तो कशाचा आहे हे मला ठाऊक होतं. मांडवातल्या बाकीच्यांना ते ठाऊक करून घ्यायचं नव्हतं, आणि त्यांना ते का नको होतं हेही मला ठाऊक होतं, म्हणून आजही कुठे पंगत बसली आणि फोडणी पडली की माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते.

ती पंगत तेरवीची, म्हणजे तेराव्याची होती, आणि ती तेरवी एका वानराची होती.

मी आयुष्यभर यवतमाळच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवलं. यजमान गेले, नोकरी संपली, तेव्हापासून हिवाळ्याचे महिने मी नेरच्या बाजूच्या आमच्या गावी काढते, धाकटे दीर दिवाकरभाऊजी आणि त्यांची बायको मंदा यांच्या घरी. आमचं वावर नाल्याकाठी आहे. कागदोपत्री ते दोन्ही घरांचं असलं तरी खरं ते मंदाचं, कारण लग्न होऊन आल्यापासून पेरणी, निंदण, वेचणी सगळं तिच्या हातून झालेलं आहे आणि त्यातला कुठला तुकडा पाणी धरतो नि कुठला सोडतो हे तिला विचारल्याशिवाय घरातल्या कुणाला सांगता येत नाही. भाऊजी मारुती देवस्थान कमिटीचे अध्यक्ष आहेत. त्यांचा दिवस देवळाच्या ओट्यावर उगवतो आणि तिथेच मावळतो. आमच्या वावराला लागून, मध्ये फक्त एक धुरा सोडून, मारुतीचं वावर आहे. धुरा म्हणजे आमच्याकडे दोन शेतांमधला बांध. देवाची ती जमीन सगळं गाव मिळून कसतं, आणि तिच्या कापसावर देवळाचा खर्च चालतो.

शिकवण्याच्या दिवसांत फळ्याच्या मधोमध एक उभी रेघ ओढायची आणि वर ‘फरक स्पष्ट करा’ असं लिहायचं, ही माझी लाडकी खोड होती. रेघ सरळ आली की अर्धा विषय समजल्यासारखा वाटायचा. त्या हिवाळ्यात माझ्या मनातल्या फळ्यावर रेघेच्या एका बाजूला वानर आणि दुसऱ्या बाजूला गुलाबी बोंडअळीचा पतंग येऊन बसला, आणि दोघंही अजून पुसले जात नाहीत. वानर केवढं देखणं! रुपेरी अंग, काजळ फासल्यासारखं काळं तोंड, देहाहून लांब शेपटीची ऐटदार कमान. कौलांवरून झेप घेताना ते क्षणभर आभाळाचंच होऊन जातं. पतंग तांदळाच्या दाण्यापेक्षा जरासा मोठा, मातकट, पंखांच्या कडांना बारीक झालर असलेला. दिवसभर तो कपाशीच्या बुडाशी मातीच्या भेगेत दडून असतो आणि अंधारात उठतो. वानराला देऊळ आहे, वार आहे, शनिवारचा नारळ आहे. पतंगाला आमच्या गावात धड नावही नाही. त्याला नुसतं ‘पाखरू’ म्हणतात, आणि पाखरू तर चिमणीलाही म्हणतात. वानर भरदिवसा हरभऱ्याचे घाटे ओरबाडतं, कौलं फोडतं, उन्हात वाळत घातलेल्या गव्हाच्या सरगुंड्या पळवतं, आणि माणसं हात जोडून हसतात. पतंग स्वतः पानालाही तोंड लावत नाही. मादी पात्यांवर, म्हणजे कपाशीच्या कळ्यांवर, आणि बोंडांच्या देठाशी अंडी ठेवून निघून जाते. सुतासारखी अळी हिरव्या बोंडात शिरते आणि तिच्यामागे तिचं दार आपोआप बुजतं. बाहेरून बोंड कसं टपोरं, निरोगी दिसतं, आणि आत सरकी पोखरून एक सुरेख गुलाबी जीव वाढत असतो. जे डोळ्यांत भरतं त्याला देव म्हणायचं आणि जे दिसत नाही त्याला नशीब म्हणायचं, अशी आपली सोपी वाटणी आहे, आणि या वाटणीचाच मला राग आहे.

त्या हिवाळ्याच्या आदल्या वर्षी मंदाच्या वावरात अळी आली होती. कपाशीला फुलं लागली, पण त्यांच्या पाकळ्या उमलेनात. आतून अळीने धागे विणून पाकळ्या एकमेकींना शिवून टाकल्या होत्या. अशा मिटून राहिलेल्या फुलाला डोमकळी म्हणतात. नाव किती गोड, आणि ते नाव ऐकल्यावर मंदाचा चेहरा कसा होतो ते मी पाहिलं आहे. त्या वेचणीला पांढरा कापूस थोडा आणि किडक्या बोंडांची पिवळी, डागाळलेली कवडीच फार निघाली. संध्याकाळी अंगणात ती कवडी निवडत बसली असताना भाऊजी ओट्यावरून म्हणाले, “आता एक साल पाह्यतो. पुढच्या खेपेलेबी अळी आली, का हे वावर मक्त्यानं देऊन टाकतो. कायले उगा हाडं झिजवाचे?” मक्त्याने देणं म्हणजे दुसऱ्याच्या हाती सोपवून वर्षाची रक्कम घेऊन मोकळं होणं. मंदा कवडी निवडत राहिली. रात्री जेवताना मात्र मला म्हणाली, “ताई, वावर गेलं तर मी या घरात काय करू? भाकरी थापू निस्त्या?” तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, आणि ते नव्हतं म्हणूनच मला फार लागलं.

अळीला हरवायचं तर तिची उपासमार करावी लागते. शिवारात काही महिने एकही हिरवं बोंड राहता कामा नये. वेचणी संपली की पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची उभी झाडं, मुळासकट उपटून टाकायची, आणि ती सगळ्यांनी, एकाच सुमाराला. एकाच्या वावरात हिरवं राहिलं तर बाकीच्यांची मेहनत मातीमोल होते, कारण पतंग उडतो. हे सांगायला म्हणून दिवाळीनंतर देवळाच्या सभामंडपात मी उभी राहिले. हातात कामगंध सापळा होता: प्लॅस्टिकचं नरसाळं, त्याखाली लांब पिशवी, आणि मध्ये मादीच्या गंधाची इवलीशी वडी. नर त्या गंधाच्या मागे येतो आणि पिशवीत पडतो, असं मी सांगत होते, तर मागून कुणीतरी म्हणालं, “मंजे मॅडम, पाखरूबी बाईच्या वासानंच फसते म्हना की!” आणि अख्खा मंडप खदखदून हसला. भाऊजीही हसले. मी तीस-पस्तीस वर्षं वर्गातल्या टवाळांना गप्प केलेली बाई, पण त्या हसण्यापुढे मी सापळा खाली ठेवला. रागाने, लाजेने नव्हे. तेव्हा बायकांच्या बाजूने मंदा उठली. डोक्यावरचा पदर सारखा करून म्हणाली, “हासून घ्या पोटभर. हासनं झालं की पऱ्हाटी कवा उपटता तेवढं सांगा.”

सांगावंच लागलं. संक्रांतीच्या आत सगळं शिवार मोकळं करायचं ठरलं. त्या दिवसांची आठवण मात्र लख्ख उन्हाची आहे. पऱ्हाटी उपटायचा एक लोखंडी चिमटा असतो. झाडाच्या बुंध्याला तो पकडायचा, दांडीवर अंगाचा भार टाकायचा, आणि मुळं कर्रकन आवाज करीत जमीन सोडतात. त्याबरोबर मातीचा जो वास येतो तो पावसातल्या मातीच्या वासाहून निराळा. कडवट, कोरडा, बराच काळ बंद असलेली पेटी उघडल्यासारखा. मंदाने बायकांच्या टोळ्या केल्या, आज हिच्या वावरात, उद्या तिच्या. नाल्यापासून टेकडीपर्यंत शिवार एकेका दिवसाने उघडं होत गेलं, आणि उघड्या काळ्या जमिनीवर बगळे उतरू लागले. शेवटी फक्त मारुतीचं वावर राहिलं. ते सगळ्या गावाने मिळून उपटायचं, नारळ फोडून, असा बेत होता. मंदाने आदल्या संध्याकाळी चिमट्यांना तेलही लावून ठेवलं होतं.

आणि त्याच सकाळी देवळामागच्या विजेच्या डीपीवर हुप्या चिकटला.

हुप्या म्हणजे वानरांच्या टोळीतला एकमेव मोठा नर. बाकी सगळ्या माद्या आणि पिल्लं. आवाज फटाक्यासारखा झाला, गावाची लाइन गेली, आणि लोक धावले तेव्हा तो तारेखाली हात पसरून पडला होता. एक मुका, रुबाबदार जीव असा एका क्षणात गेला याचं मलाही वाईट वाटलं. उघड्या डीपीला जाळी लावा म्हणून आधी कुणी बोललं होतं का, हे विचारायची ती वेळ नव्हती, आणि नंतरही ती आली नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला केळीचे खांब बांधले गेले, हुप्याला बसतं करून शेंदूर लावला, भगवी शाल पांघरली. पुढे भजनी मंडळ, मागे गुलालाने माखलेली माणसं. गावातल्या म्हाताऱ्या बायका खरंच रडत होत्या. भाऊजींनी आणि कमिटीतल्या सगळ्यांनी डोईचे केस उतरवले. देवळाशेजारच्या कडुनिंबाखाली खड्डा खणून मीठ घालून त्याला ठेवलं, आणि गावाला सुतक लागलं. तेरवीपर्यंत कुणी औत धरायचं नाही, जमिनीला हत्यार लावायचं नाही. मंदाने तेल लावलेले चिमटे पुन्हा गोठ्यात टांगले.

तेवढं असतं तर मी गप्प बसले असते. शोकाला काळवेळ नसते, हे मला कुणी शिकवायला नको. पण तिसऱ्या दिवशी मी नाल्याकडे फिरायला गेले, तर देवाच्या वावरात मोटर चालू होती आणि सरींतून पाणी झुळझुळत होतं. कमिटीने फरदड घ्यायचं ठरवलं होतं. म्हणजे वेचून झालेली झाडं तशीच ठेवायची, त्यांना पाणी द्यायचं आणि त्यांच्याकडून पुन्हा एकदा बोंडं काढून घ्यायची. त्या कापसाच्या पैशातून हुप्याची समाधी बांधली जाणार होती, संगमरवरी फरशीची.

घरी मंदाने भाजी चिरता चिरता विचारलं, “सुतकात हत्यार चालत नाही, अन् मोटर चालते?”

“पान्याले सुतक नसते,” भाऊजी म्हणाले, आणि माझ्याकडे वळून समजुतीच्या सुरात बोलले, “वहिनी, समाधीले पैसा का आभाळातून पडनार हाये? देवाचंच वावर, देवाचीच पऱ्हाटी, देवाचंच काम. तुमीच सांगा, कोनाचं काय जाते?”

“माह्यं वावर जाते,” मंदा म्हणाली.

“तुह्या वावराले कोनं हात लावला?”

“हात नाही लावला. धुऱ्यावरून अळी पाठवून राह्यले तुमी.”

भाऊजी हसले. त्यांचं हसणं वाईट नव्हतं. लहान मुलाच्या हट्टावर हसावं तसं होतं, आणि म्हणूनच मला ते कानशिलात मारल्यासारखं वाटलं. “मारुतीच्या वावरात कायची अळी व?” ते म्हणाले. “देवाच्या झाडाले अळी लागत नसते.” मी माझं सगळं शास्त्र त्यांच्यापुढे ओतलं. अळी झाडात कशी टिकून राहते, एका हिरव्या तुकड्यावर पुढच्या हंगामाची पैदास कशी पोसली जाते, सगळं सांगितलं. ते शेवटपर्यंत ऐकून घेत राहिले आणि मग म्हणाले, “तुमचं बरोबरच असंन, वहिनी. पन देवाच्या कामात पुस्तक नसते चालत.” वाद घालणाऱ्या माणसाशी भांडता येतं. तुमचं बरोबर आहे असं म्हणून उठून जाणाऱ्याचं काय करायचं, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

मग नवा नर आला. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने यात नवल काहीच नव्हतं. टोळीतला नर मेला की बाहेर भटकणाऱ्या बिनमाद्यांच्या नरांपैकी एखादा येतो आणि टोळी ताब्यात घेतो. सकाळच्या धुक्यात तो देवळाच्या कळसाशेजारी येऊन बसला, तसाच रुंद छातीचा, तसाच काळ्या तोंडाचा, आणि देऊळ झाडणारी म्हातारी हातातला झाडू टाकून ओरडली, “आला पाहा! मारुतीराया परत आला!” गाव लोटलं. केळी आली, खोबरं आलं, शेंगदाण्यांची रास झाली. नव्या नराने माणसांकडे दुर्लक्ष करून केळी खाल्ली. लोकांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी मात्र टोळीतल्या पिल्लांकडे पाहत होते, कारण नवा नर आल्यावर पुढे काय होतं ते मी कित्येक वर्षं वर्गात सांगत आले होते, फळ्यावरून, हात झटकून, परीक्षेला महत्त्वाचं म्हणून.

ते आमच्या गोठ्याच्या कौलांवर झालं, दुपारी. टोळीत एका मादीजवळ नुकतं जन्मलेलं पिल्लू होतं, काळसर अंगाचं, गुलाबी कानांचं, आईच्या पोटाला सदैव चिकटलेलं. जुन्या नराची पिल्लं नवा नर राहू देत नाही. ती गेली की माद्या पुन्हा माजावर येतात. मी अंगणात तूर पाखडत होते. किंचाळ्या ऐकून वर पाहिलं तर तिघी-चौघी माद्या त्याच्या अंगावर धावून जात होत्या, आणि तरी त्याने एका झडपेत आपलं काम केलं. हातातलं सूप कधी खाली पडलं ते मला कळलं नाही. आईने पिल्लू परत मिळवलं, पण ते मान टाकलेलं होतं. ती त्याला छातीशी धरून निंबाच्या शेंड्यावर गेली आणि त्याचं अंग साफ करीत बसली. भाऊजींना मी हे सांगितलं, तेव्हा त्यांनी तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, “वहिनी, देवाबद्दल असं नाही बोलत.”

त्या नराचा मला राग नाही. तो त्याच्या रक्तातलं काम करीत होता, जसा पतंग त्याच्या रक्तातलं करतो. दोघांनाही पाप ठाऊक नाही, पुण्यही नाही. फळ्यावरची रेघ इथे पुसट होत जाते: एकाला नारळ आणि दुसऱ्याला विष, हे वाटप ना वानराने केलं ना पतंगाने. आपण ज्याला देव मानलं त्याची एक गोष्टही पाहायची नाही असं ठरवून आपण त्याच्यापुढे हात जोडतो, आणि मग त्याच जोडलेल्या हातांनी आपल्या बायकांची वावरं बुडवतो. मला चीड आली ती या हातांची.

ती आई पिल्लू सोडीना. मेलेलं पिल्लू वानरी दिवसचे दिवस वागवते, हेही मी शिकवलेलंच. एका हाताने ती पिल्लू धरी आणि उरलेल्या तीन पायांवर कौलं चढे. खायला खाली उतरली की ते मांडीवर ठेवी. हळूहळू पिल्लाचे केस गळाले, आणि वास सुटला.

तेरवीच्या दिवशी टोळी देवळाच्या भिंतीवर होती, कारण अन्न तिथे होतं. कर्ण्यावर भजन लागलं होतं, पंगती बसल्या होत्या, मंदा वरणाची बादली घेऊन वाढत होती आणि मी पुरुषांच्या पंगतीमागे, खांबाला टेकून उभी होते. ती वानरी भिंतीच्या टोकाला बसली होती. झुळूक आली. आधी एकाने नाकाला रुमाल लावला, मग दुसऱ्याने पत्रावळ मागे सरकवली. भाऊजी त्रासून म्हणाले, “हाकला रे तिले. पंगतीत घान येऊन राह्यली.” दोघं-तिघं उठले. एकाने दगड मारला, एकाने सुतळी बॉम्ब पेटवून भिंतीखाली टाकला. धमाक्याबरोबर टोळी उधळली. वानरीनेही झेप घेतली, पण एका हाताने. पिल्लू निसटलं आणि दोन पंगतींच्या मधल्या मोकळ्या जागेत, शिंपडलेल्या पाण्यावर येऊन पडलं.

लोक ओरडत उठले. वानरी भिंतीवर थांबली, मागे वळली, आणि एवढ्या माणसांमध्ये खाली उतरली. दात विचकले नाहीत, गुरगुरली नाही. फक्त ते जिथे पडलं होतं तिकडे सरळ चालत आली. एकाने काठी उगारली. तेवढ्यात मंदा बादली खाली ठेवून त्याच्या आणि वानरीच्या मध्ये जाऊन उभी राहिली.

“मार,” ती त्याला म्हणाली. आवाज चढवलेला नव्हता. “ज्याची तेरवी जेवून राह्यला, त्याचीच बायको हाये ती. मार.”

काठी खाली आली. तेवढ्या वेळात वानरीने पिल्लू उचललं, छातीशी लावलं आणि नाल्याच्या दिशेने निघून गेली. कर्ण्यावरचं भजन चालूच होतं. मंदाने हातावरचं वरण पदराला पुसलं आणि मांडवाबाहेर चालू लागली.

“पंगत टाकून कुठं चालली?” भाऊजींनी विचारलं.

“वावरात.”

“आज?”

“काहून? तेरवी झाली नं,” मंदा मागे न वळता म्हणाली. “सुतक फिटलं.”

मी तिच्या मागे गेले. गोठ्यातून तिने दोन चिमटे काढले. दुसरा माझ्यासाठी आहे की सवयीने घेतला, ते मी विचारलं नाही. उन्हं कलली होती. आमचं वावर स्वच्छ, उघडं, काळंभोर पडलेलं होतं, आणि धुऱ्यापलीकडे देवाची पऱ्हाटी पाणी पिऊन पुन्हा हिरवी झाली होती, नव्या पात्यांनी लगडली होती. मी वाकून एक फूल पाहिलं. पाकळ्या एकमेकींना शिवलेल्या होत्या. नखाने ती शिवण उसवली तर आत अळी होती, लहान, निर्धास्त, पहाटेच्या रंगाची. मी ते फूल मंदाला दाखवलं. तिने पाहिलं, मान हलवली, आणि साडीचा काचा खोचून धुऱ्यावर चढली.

“मंदा, ते देवाचं वावर आहे,” मी म्हणाले. का म्हणाले कोण जाणे. इतके दिवस रागाने जळणारी मी, आणि तोंडून निघालं ते भाऊजींचं वाक्य.

ती पलीकडे उतरली होती. पहिल्या झाडाच्या बुंध्याला चिमटा लावून, अंगाचा भार टाकण्याआधी तिने माझ्याकडे वर पाहिलं.

“पाखराले धुरा समजते काय, ताई?”

मुळं कर्रकन सुटली, आणि तो कडवट, कोरडा मातीचा वास आला. धुऱ्याच्या कडेच्या बाभळीवर ती वानरी येऊन बसली होती. तिचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. उद्या गाव काय म्हणेल, भाऊजी मंदाला घरात घेतील की नाही, देवाची पऱ्हाटी उपटणाऱ्या दोन बायकांना कोणता दंड असतो, यातलं काहीच मला ठाऊक नव्हतं. मी जन्मभर फळ्यावर जी रेघ ओढत आले ती कुठल्याच जिवाला दिसत नाही, ती फक्त खडू हातात असणाऱ्याला दिसते, एवढं मात्र त्या उंचवट्यावर उभं असताना लख्ख कळलं. तेवढ्यात देवळातला कर्णा एकाएकी बंद झाला. पंगत उठली होती की माणसं इकडे निघाली होती, ते समजायला काही मार्ग नव्हता. मी धुरा उतरून मारुतीच्या वावरात पाय ठेवला आणि मंदाच्या शेजारच्या ओळीतलं झाड धरलं.